मदत हवी आहे: पंचायतीचं बजेट वाचायचं कसं?

मंडळी नमस्कार, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. आमच्या गल्लीतली गटार दोन पावसाळे झाले फुटलीय, शाळेची पोरं घाण पाण्यातनंच जातात, आणि पंचायतीत विचारलं की एकच उत्तर, बजेट नाही. मग मी बजेटची झेरॉक्सच मागून आणली, सगळी कन्नडमध्ये, आकडे तेवढे कळतात, पण कुठला आकडा कशाचा हेच समजेना. आईला तर वाटतं पैसा आमदारच देतात!

मला एवढं माहितीय की पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून पंचायतींना २०२१ ते २०२६ साठी ठरलेल्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले, उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातनं पगार भागवता येत नाही. मग सांडपाण्याची गटार त्या ६० मध्ये बसते का? घरपट्टी कुठल्या रकान्यात दाखवतात? आणि मागच्या वर्षी न खर्चलेला पैसा ३१ मार्चनंतर जातो कुठं?

ग्रामसभेत नेमकं काय विचारायचं, आणि काम पंचायतीच्या विकास आराखड्यात घालायला अर्ज कसा करायचा, कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा. कन्नड वाचणारं कुणी असेल तर ती चार पानं फोटो काढून पाठवतो, प्लीज बघा.