दालचिनीच्या पानांच्या तेलाला लवंगेचा वास! बाटलीवर काय लिहू?

गोव्यात सावई-वेऱ्याजवळ आमचं कुळागर (बागायत) आहे. पोफळी, जायफळ, मिरी आणि दालचिनीची सात-आठ झाडं. साल विकली जाते, पानं मात्र दरवर्षी कुजतात. काजूचा हंगाम सरला की शेजाऱ्यांची फेणी गाळायची भट्टी रिकामीच असते. यंदा ती घासूनपुसून घेतली आणि वाळलेली पानं पाण्यात उकळून तेल काढलं.

पहिली खेप वाया गेली. गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं, तीच सवय, म्हणून मी वरच बघत राहिले. काही दिसेना तेव्हा पाणी ओतून दिलं. भांडं धुताना बुडाशी पिवळसर थेंब! फार हळहळले. दुसऱ्या खेपेचं दुधट पाणी रात्रभर निवू दिलं, तर तळाशी 70 मिली तेल.

पण वास थेट लवंगेचा, दातदुखीवर लावतो त्या तेलाचा. सासूबाई म्हणतात झाड रानटी असणार. त्याच झाडाची साल चघळली तर अस्सल दालचिनी! भट्टीत काही उरलं होतं का? पर्यटक 'दालचिनी तेल' मागतात, पण मला खोटं लेबल लावायचं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, झाडही बरोबर आणि भट्टीही. दालचिनीच्या सालीच्या तेलात मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड, पानांच्या तेलात युजेनॉल, बहुधा 70 टक्क्यांच्या वर. लवंगेतही तेच, म्हणून तो वास. मुळांच्या सालीत तर कापूर सापडतो. एकाच झाडाची तीन तेलं! सालीचं तेलही पाण्यात बुडतं, त्यामुळे बुडण्यावरून फरक कळणार नाही.

हातमोजे घालून मोजनळीत 1 मिली तेल आणि 10 मिली 5 टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण हलवा. युजेनॉल फेनॉल, म्हणजे किंचित आम्लधर्मी, असल्यानं सोड्याच्या द्रावणात उतरतं. तेल बरंच कमी झालं तर समजा तेच आहे. टक्केवारी छापायची असेल तर मात्र जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी प्रयोगशाळेतली) तपासणी हवीच.

लेबलवर 'दालचिनीच्या पानांचं तेल' लिहा, आणि 'थेट त्वचेवर लावू नये' हेही. युजेनॉलनं कातडी चुरचुरते. गडद काचेच्या बाटलीत भरा, लोखंडी डब्यात ठेवलंत तर काळं पडेल.

धागाकर्ती

खूप आभार! उद्याच करून बघते. सालीचे तुकडेही आहेत थोडे, त्यांचं वेगळं काढून दोन्ही शेजारी ठेवीन.