मदत हवी आहे: अर्धवट संशोधन कॉन्फरन्समध्ये कसं मांडायचं?
नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितेय. पीएचडीचं दुसरं वर्ष चालूय, विषय म्हणजे २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात इथल्या बायांनी घरात पाणी कसं पुरवलं. पुढच्या महिन्यात कॉन्फरन्समध्ये १० मिनिटं बोलायचंय, मग प्राध्यापक सूचना देणार. आत्ता फक्त १४ मुलाखती झाल्यात, निष्कर्ष काहीच नाही. एका मावशीनं धुण्याचं पाणी निवळून परत कसं वापरायची ते हातानं करून दाखवलं, ते सांगायचंच आहे मला. गाईड म्हणतात आधी थिअरी दाखव, मला वाटतं जिथं अडलंय तेच समोर ठेवावं, नायतर फीडबॅक कशावर मिळणार? ज्यांनी असं मांडलंय त्यांनी प्लीज सांगा, स्लाईड किती ठेवल्या, आन् मावशीचं बोलणं तिच्याच बोलीत ठेवू का इंग्रजीत?