सायकलची सीट चोरीला गेली, आता बाकीची कशी वाचवू?

गोदाकाठ_४२२:
मंडळी, मुलगा गियरच्या सायकलवर इंदिरानगरहून कॉलेज रोडला क्लासला जातो, परवा खाली लावली होती, येऊन बघतो तर सीट दांड्यासकट गायब. कुलूप होतं, ते प्लास्टिक कव्हरवालं केबल लॉक. पोरगं उभ्याने पॅडल मारत घरी आलं हो, फार वाईट वाटलं. आता चाकं पण नेतील अशी धास्ती आहे, काय करावं?

सातपूरकर:
दादा, पहिलं ते केबल लॉक बदला, साध्या कटरने तुटतं. यू लॉक घ्या, म्हणजे यू आकाराच्या जाड लोखंडी कडीचं कुलूप. आणि नुसतं पुढच्या चाकात घालू नका, क्विक रिलीजची खिट्टी (पान्याशिवाय हाताने उघडते ती) उघडली की चाक तिथेच राहतं अन् बाकी सायकल जाते. मागचं चाक आणि फ्रेम एकत्र पक्क्या रोवलेल्या पाइपाला अडकवायची, गियरची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, मागेच असते, ते चाक महाग पडतं. लॉक जमिनीला टेकू देऊ नका, टेकलं की हातोड्याने फोडायला सोपं जातं.

तपोवन_रायडर:
सीटची खिट्टी काढून ॲलन बोल्टवाला (सहा कोनी खाचेचा, ॲलन कीनेच उघडणारा) क्लॅम्प टाका, चाकांना पण तसेच स्क्यूअर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या आरपार सळ्या, मिळतात. ॲलन की चोराकडेही असू शकते, म्हणून बोल्टच्या खाचेत सायकलचा छर्रा बसवून वरून मेण ओता. अजून एक, जुनी चेन पंक्चरच्या ट्यूबमध्ये घालायची, सीटखालच्या दांड्यांमधून फ्रेमभोवती फिरवून चेन टूलने जोडून टाकायची, रंग खरचटत नाही आणि हाताने सुटत नाही. एवढं केलंत तर सीटला सहसा कोणी हात लावणार नाही. लाइट, पंप मात्र काढून दप्तरातच.

ज्योती_नाशिकरोड:
बिल जपून ठेवा ताई/दादा, हे फार महत्त्वाचं. नवीन भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्यासोबतच आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. एकट्या सीटचं तेच होईल, तरी नोंद कराच. आख्खी सायकल गेली तर किंमत बिलावरूनच दाखवता येते, आणि सापडली तर तुमचीच आहे हे फ्रेम नंबरवरून.

गोदाकाठ_४२२:
फ्रेम नंबर कुठे असतो?

ज्योती_नाशिकरोड:
सायकल उलटी करा, बहुतेक सायकलींना पॅडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो. चिखल पुसून फोटो काढा आणि बिलासोबत स्वतःलाच मेल करून ठेवा.