मदत हवी आहे: कॉलेजातलं एसएनए (स्टुडंट नर्सेस असोसिएशन) युनिट फक्त कागदावर आहे, पुन्हा उभं कसं करायचं?

निशिगंध_०३

नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंग, तिसरं वर्ष, महाराष्ट्रातलं खाजगी कॉलेज. पहिल्या वर्षी सगळ्यांकडून एसएनएचे पैसे घेतले होते. त्यानंतर फ्रेशर्स पार्टी आणि १२ मेचा परिचारिका दिन सोडला तर काहीच होत नाही. या वर्षी मला सचिव केलं आहे, पण हातात ना फाईल, ना रजिस्टर. तीन प्रश्न आहेत:

१. आम्ही खरंच सभासद आहोत का, हे कसं तपासायचं?
२. वॉर्डच्या पोस्टिंगमुळे चारही वर्षांच्या मुली एकत्र येतच नाहीत. मग कार्यक्रम कधी घ्यायचे?
३. बॅचमधल्या बऱ्याच जणींना वाटतं की एसएनए म्हणजेच काउन्सिलचं रजिस्ट्रेशन. त्यांना थोडक्यात काय सांगू?

जुनी_ट्यूटर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथला गोंधळ मिटल्याशिवाय मुली मनापासून येणार नाहीत.

नर्स म्हणून काम करायचा कायदेशीर अधिकार मिळतो तो महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलच्या नोंदणीने, आणि ती शिक्षण पूर्ण झाल्यावर होते. अभ्यासक्रमाचे निकष भारतीय परिचर्या परिषद म्हणजे आयएनसी ठरवते. बी.एस्सी.ची परीक्षा आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची परीक्षा राज्याच्या नर्सिंग व पॅरामेडिकल मंडळाची. या सगळ्यांपेक्षा टीएनएआय वेगळी. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०८ सालची, नर्सेसनी स्वतः उभी केलेली संघटना आहे. स्टुडंट नर्सेस असोसिएशन ही तिचीच विद्यार्थी शाखा, १९२९ पासूनची. परवाना देणं हे तिचं काम नाही. सभा चालवणं, लिहिणं, बोलणं, हिशेब ठेवणं, आपल्या व्यवसायाबद्दल एकत्र बसून ठरवणं, हे सगळं नोकरी लागण्याआधी शिकायची ती जागा आहे. पुढे वॉर्ड सिस्टर म्हणून स्टाफ मीटिंग घ्यायची वेळ येते तेव्हा हेच हाताशी असतं.

आता सभासदत्व. प्राचार्यांना तोंडी विचारू नका, एका पानाचा अर्ज द्या. त्यात तीन गोष्टी मागा: युनिटची नोंद आणि क्रमांक, तुमच्या बॅचची पाठवलेली नावांची यादी, त्या रकमेची पावती. यादी आणि पावतीवरच्या संख्येचा मेळ बसला पाहिजे. बॅच ५० ची आणि पावती ४२ जणींची असेल, तर ८ नावं कुठे तरी अडकली आहेत. बहुतेकदा ती उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलींची असतात, कारण यादी आधीच गेलेली असते आणि त्यांचे पैसे मागाहून जमा होतात. पावती सापडलीच नाही, तर सल्लागार मॅडमच्या सहीने राज्य शाखेच्या एसएनए सल्लागारांना पत्र पाठवून खात्री करून घ्या. आरोप नको, चौकशीचीच भाषा ठेवा.

नावांचं स्पेलिंग दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणेच द्या. पुढे टीएनएआयचं सभासदत्व घेताना एसएनएतलं नाव आणि काउन्सिलच्या सर्टिफिकेटवरचं नाव वेगळं निघालं की कागद परत येतात.

रोटेशन_प्लॅन

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एक गोष्ट पक्की धरा: क्लिनिकलच्या तासांत एसएनएचा कार्यक्रम ठेवायचा नाही. आयएनसीच्या नियमाने परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे तास १०० टक्के भरावे लागतात. म्हणजे कार्यक्रमासाठी बुडवलेली प्रत्येक ड्युटी पुढे सुट्टीत भरून द्यावी लागते. युनिटवर मुली नाराज होतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

त्याऐवजी मास्टर रोटेशन प्लॅन (कोणतं वर्ष कधी वर्गात, कधी वॉर्डात याचा वर्षाचा तक्ता) घ्या आणि चारही वर्षांचे थिअरी ब्लॉक एका रंगाने रंगवा. जिथे किमान तीन वर्षं कॉलेजात आहेत ते आठवडे लगेच दिसतील. सर्वसाधारण सभा तिथे. बाकी महिन्यात प्रत्येक वर्षाच्या दोन प्रतिनिधी आणि पदाधिकारी मिळून छोटी बैठक पुरे, ४० मिनिटांची, सकाळची ड्युटी संपल्यावर जेवण करून. नाईटवरून उतरलेल्या मुलीला बैठकीला बसवू नका. तिने तिचं म्हणणं चिठ्ठीवर लिहून द्यावं, ते वाचून दाखवून इतिवृत्तात घ्या.

निशिगंध_०३

मॅडम, रोटेशन_प्लॅन, खूप आभार. अर्ज उद्याच देते. आता इतिवृत्त नेमकं कसं लिहायचं? आणि पहिला उपक्रम कोणता घ्यावा? सगळ्यांना सांस्कृतिक कार्यक्रमच हवा आहे.

जुनी_ट्यूटर

इतिवृत्तासाठी २०० पानी रजिस्टर घ्या आणि आधी पानांना क्रमांक द्या. सुटे कागद नकोत, सचिव बदलली की ते तिच्या पेटीत निघून जातात. प्रत्येक सभेला तारीख, वेळ, जागा, हजर असलेल्यांच्या सह्या, मागच्या इतिवृत्ताला मंजुरी आणि मग विषय. विषयाखाली चर्चा दोन ओळीत, निर्णय एका ओळीत, आणि शेजारी कोण करणार व कधीपर्यंत. "पोस्टर करण्याचे ठरले" असं लिहिलेलं पोस्टर होत नाही. "हात धुण्याचे पोस्टर, दुसरे वर्ष, दोघींची नावे, १० तारखेपर्यंत" असं लिहिलं की होतं. शेवटी सचिव आणि सल्लागार, दोघींच्या सह्या.

बहुतेक युनिटांत प्राचार्य अध्यक्ष, एक शिक्षिका सल्लागार, आणि उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार विद्यार्थी असतात. खजिनदाराकडे रोख ठेवू नका. बँकेत खातं असावं, सल्लागार आणि खजिनदार अशा दोन सह्यांनी चालणारं. शंभर रुपयांचा चार्टपेपर आणला तरी बिल चिकटवायचं. दर सभेत शिल्लक वाचून दाखवली की वर्गणी मागताना कुरकुर होत नाही.

शाळा_आरोग्य

पहिला उपक्रम छोटा घ्या आणि तो वॉर्डात किंवा वस्तीत उपयोगी पडणारा असू द्या. सांस्कृतिक कार्यक्रम नंतर अवश्य करा, तोही एसएनएच्या कामाचाच भाग आहे. पण युनिटची सुरुवात त्यानेच झाली की वर्षाचे पैसे मंडप आणि साउंडवर संपतात.

ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याचं, प्रात्यक्षिक सोपं पडेल. सामुदायिक पोस्टिंगच्या वस्तीतच घ्या, म्हणजे वेगळी परवानगी आणि गाडी लागत नाही. सहा जणींचा गट, पंधरा-वीस आया, वेळ अर्धा तास. साहित्य: पाकिटं, एक लिटरची मापाची बाटली, झाकणाचं स्वच्छ भांडं, चमचा, साबण, पाणी.

चूक नेमकी कुठे होते ते समोर दाखवा. मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं, ते सगळं एक लिटर पाण्यात एकदम घालायचं. घरोघरी ते पेल्यात थोडं थोडं घालतात. पेल्यात पावडर जास्त पडली की पाणी खारट होतं, मूल पीत नाही आणि क्षाराचं प्रमाणही बिघडतं. बाजारात २०० मिलीलिटरसाठीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचं माप आधी वाचायला लावा. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. उकळायचं असेल तर पाणी आधी उकळून गार करायचं, पावडर घातल्यावर नाही. तुम्ही करून दाखवलंत एवढ्यावर थांबू नका. शेवटी एका आईला स्वतः करायला सांगा. ती पाकीट कापून अर्धं ठेवायला लागली, तर तुमचं समजावणं कमी पडलं असं धरा आणि पुन्हा दाखवा.

याचा अहवाल दोन पानांचा: उद्देश, जागा, तारीख, किती आया आल्या, आधी आणि नंतर विचारलेले पाच प्रश्न, काय बदललं, खर्च. युनिटच्या वार्षिक अहवालात तो तसाच बसतो. आयांचे आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ग्रुपवर तर टाकूच नका.

रोटेशन_प्लॅन

एक राहिलं. शेवटच्या वर्षाच्या मुलींना आत्ताच सांगून ठेवा: एसएनएच्या सभासदाला शिक्षण संपल्यावर टीएनएआयचं सभासदत्व सवलतीत घेता येतं, पण मुदत असते. काउन्सिलचं सर्टिफिकेट हातात आल्यावर नोकरीच्या धावपळीत हे मागे पडतं. कॉलेज सोडतानाच्या नो-ड्यूज फॉर्मवर "एसएनए डायरी परत मिळाली" असा एक रकाना वाढवून घ्या. डायरी कॉलेजच्या कपाटात राहिली, तर सवलत मागताना दाखवायला काहीच उरत नाही.

निशिगंध_०३

रोटेशन प्लॅन रंगवून झाला. जीएनएम आणि बी.एस्सी. मिळून तीन आठवडे सापडले, पहिली सर्वसाधारण सभा त्यातल्या दुसऱ्या आठवड्यात ठेवतेय. सूचना सात दिवस आधी, होस्टेलच्या मेसच्या दारावर आणि कॉलेजच्या फलकावर लावणार. पोस्ट बेसिकच्या, म्हणजे जीएनएमनंतर बी.एस्सी. करणाऱ्या, ताईंनाही बोलवायचं का?

जुनी_ट्यूटर

जरूर बोलवा, पण पाहुण्या म्हणून. त्यांची काउन्सिलची नोंदणी आधीच झालेली असते, त्यामुळे त्यांनी थेट टीएनएआयचंच सभासद व्हायचं. फॉर्म कसा भरला, कोणते कागद लागले, हे तुमच्या चौथ्या वर्षाला त्यांच्याकडूनच ऐकवा. सभेत त्यासाठी दहा मिनिटं ठेवा आणि फॉर्मची एक कोरी प्रत हाताशी असू द्या.