येडशीचा वाघ: राहू द्यायचा की न्यायचा?

माळरानी
टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर वाघ यवतमाळहून चारशे-पाचशे किलोमीटर चालत आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगच्या डोंगरात आला. डिसेंबर २०२४मध्ये तो कॅमेऱ्यात दिसला आणि लगेच त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायची मोहीम सुरू झाली. माझं मत स्पष्ट आहे: तो स्वतःच्या पायानं आलाय, त्याला राहू द्या. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं हरभरा, ज्वारी लोळवतात म्हणून आपण दरवर्षी रडतो. त्यांना खाणारा आला तर त्यालाच हाकलायचं का?

आखाडा
दादा, तुमचं जनावर आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यात, बांधलेलं असतं का? माझी व्यायला झालेली कालवड गेली. नियमानं बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, जे कमी असेल ते मिळतं. पण पंचनाम्याला माणूस आला तिसऱ्या दिवशी. तोवर कुत्र्यांनी काही ठेवलं नव्हतं, आणि मलाच विचारलं, वाघच होता कशावरून? पुढच्या दुधाचा हिशोब तर कुठंच नाही.
आणि जनावराचं सोडा. थ्री फेज लाईट रात्रीची येते, दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, बाप्या बॅटरी घेऊन एकटा उसात शिरतो. २०२०मध्ये बीडच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं तिघांना मारलं, त्यात एक लेकरू होतं. ते आम्ही विसरलेलो नाही.

पाऊलखुणा
मीही न्यावा म्हणतो, पण वाघासाठी. आपलं येडशी-रामलिंग अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर. टिपेश्वर १४८चं, तेही त्याला पुरलं नाही म्हणून तर तो निघाला. इथं वाघीण नाही, म्हणून तो बार्शीपर्यंत भटकतो. रस्ता, विहीर, तारेतला करंट, यातलं काहीतरी एक दिवस त्याला गाठणारच.

माळरानी
हा नेला तर पुढचा येणार नाही का? २०२१मध्ये गौताळा अभयारण्यात आलेला वाघही टिपेश्वरचाच होता. तिकडं जागा अपुरी आहे तोवर तरणे नर बाहेर पडणारच. किती जणांना पिंजऱ्यात घालणार?

वाघूर
आमचं घर मेंढरांचं. वाघ आला की गाड्या येतात, पण आमच्या माळावर लांडगा पिढ्यान् पिढ्या आहे. तोही वाघासारखाच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. कोकरू नेलं तरी आम्ही पंचनाम्याला थांबत नाही, कारण कळप पुढं हलवायचा असतो. रात्री कळपाभोवती वाघूर, म्हणजे जाळी, लावायची, कुत्री मोकळी सोडायची, एकानं जागायचं. सोबत राहता येतं, हे आम्ही जगून सांगतो. पण जागणाऱ्याची झोप कोणी मोजत नाही. लांडग्याची बिळंही नांगराखाली जातात, कारण सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन.

आखाडा
वाघूर दादा, तुमची जागल मला कळते. पण वाघ म्हणजे लांडगा नव्हे, जाळीला तो थांबत नाही.

माळरानी
आखाडा, एक गोष्ट मी धाग्यात आधीच लिहायला हवी होती. वाघ राहणार असेल तर शेतीची लाईट दिवसाच मिळाली पाहिजे, आणि पंचनामा त्याच दिवशी. हे नसेल तर 'राहू द्या' म्हणायचा हक्क मला नाही. पण म्हणून वाघ हलवणं मला अजूनही पटत नाही.

आखाडा
दिवसा लाईट आली की मी पुन्हा बोलायला येईन. या आठवड्यात आमची पाळी रात्री दहाची आहे. पुतण्याला सोबत नेतो, डबा वाजवत जातो. त्याची परीक्षा आहे सोमवारी.