जाड तबकडीचं खापर धडकेवर कशाला?

रात्रपाळी: आकाशगंगेच्या पातळ तबकडीच्या वर-खाली पसरलेली एक जाड तबकडी आहे, हे १९८३ पासून माहीत आहे. २०१८ साली गाइया दुर्बिणीच्या मोजमापांतून एका जुन्या धडकेचा माग लागला: साधारण १० अब्ज वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आपल्या आकाशगंगेत विरून गेली. तेव्हापासून जाड तबकडीचा विषय निघाला की सगळे त्या धडकेकडे बोट दाखवतात. मला पटत नाही. ताऱ्याची गती बदलत राहते, पण तो ज्या वायूतून जन्मला त्याची रासायनिक खूण कायम राहते. मॅग्नेशियम महाकाय ताऱ्यांच्या स्फोटांतून येतं आणि हे तारे काही कोटी वर्षांतच संपतात. लोहाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांच्या) स्फोटांचा, त्यातले बरेच खूप उशिरा होतात. जाड तबकडीत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त आहे, म्हणजे तिचे तारे झपाट्याने बनले. २०२२ मध्ये सुमारे अडीच लाख उपराक्षसी (गाभ्यातलं हायड्रोजन संपून नुकतेच फुगू लागलेल्या) ताऱ्यांची वयं काढली, तेव्हा जाड तबकडी १३ अब्ज वर्षांपूर्वीच बनू लागल्याचं दिसलं. धडकेच्या कितीतरी आधी!

कुतूहलराव: खूण कायम? लाल राक्षसी (म्हातारपणी फुगलेल्या) ताऱ्यांच्या पृष्ठभागावर कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण बदलतं, तेवढी दुरुस्ती करा. बाकी सुरुवात आधी झाली हे मान्य. पण तबकडीतल्या ताऱ्यांसारखंच भरपूर लोह असलेले काही जुने तारे लांबुळक्या कक्षांमध्ये फिरतात, तेजोमंडलातल्या, म्हणजे तबकडीभोवतीच्या विरळ गोलाकार पसाऱ्यातल्या, ताऱ्यांसारखे. धडकेने उधळलेले तबकडीचेच तारे ते. नुसता वर्णपट, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशातून कळणारं त्याचं रसायन, बघत बसलात तर ते तुम्हाला गर्दीत दिसणारही नाहीत.

तिसरा डोळा: दोघंही स्थलांतर विसरलात. सर्पिल भुजा ताऱ्याला आत-बाहेर सरकवतात आणि त्याची कक्षा तरीही जवळपास वर्तुळाकारच राहू शकते, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. आपला सूर्यच घ्या. केंद्रापासून साधारण २६-२७ हजार प्रकाशवर्षांवर आहे, पण आसपासच्या त्याच्या वयाच्या ताऱ्यांपेक्षा जरा जास्त धातू (लोहासारखी, हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं) बाळगून आहे. बहुधा आत कुठेतरी, जिथे वायूत धातू जास्त असतात, तिथे जन्मला असणार. आजच्या कक्षेवरून त्याचं जन्मस्थान शोधायला गेलात तर फसाल.

रात्रपाळी: अहो, मग हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला की! गती विसरते, रसायन आठवणीत ठेवतं.

कुतूहलराव: थांबा. लोहावरून जन्मस्थान काढायचं तर त्या काळी कुठल्या अंतरावरच्या वायूत किती लोह होतं, ते आधी ठाऊक हवं. ते मोजायला आपण तेव्हा कुठे होतो? ते आजच्या ताऱ्यांवरून आणि प्रतिमानांवरूनच ठरवायचं, आणि मग त्याच ताऱ्यांना त्यात बसवायचं. आणि २०१८ मध्येच ताऱ्यांची तबकडीच्या मध्यापासूनची उंची आणि उभा वेग एकत्र मांडल्यावर गोगलगायीच्या शंखासारखी नक्षी उमटली ना? तबकडीला अलीकडे हादरा बसल्याची ती खूण. ती कुठल्या वर्णपटात दाखवता?

रात्रपाळी: शंखाचं मान्य. पण तो साधारण ३० ते ९० कोटी वर्षांपूर्वीचा हिशोब, मी १३ अब्ज वर्षांपूर्वीचं बोलतोय.