मणक्यांमधल्या झिजलेल्या गादीत (डिस्क) पेशी टोचल्या की ती पुन्हा भरते का?

ऊतकवेडा: 'गादी झिजली? पेशी टोचा, नवी होते' ही इथली कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्याच नाहीत. ग्लुकोज, ऑक्सिजन एंडप्लेटमधून, म्हणजे गादी आणि मणका यांच्यामधल्या पातळ थरातून, झिरपून येतात, लॅक्टिक आम्ल त्याच वाटेनं बाहेर जातं. एंडप्लेट कडक झाली की ती वाटच बंद. तिथे ६० लाख पेशी सोडणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

कणा५: पेशींनी गादी बांधायलाच हवी असं कुणी सांगितलं? त्या दाह शमवणारी द्रव्यं सोडतात. दुखणं कमी झालं तर रुग्णाला आणखी काय हवं?

ऊतकवेडा: मग 'नवी होते' लिहू नका! पेशी-उपचार बनवणाऱ्या मेसोब्लास्ट कंपनीच्या ४०४ रुग्णांच्या चाचणीत मुख्य निकष गाठला गेला नाही.

कणा५: त्याच चाचणीत हायलुरॉनिक आम्लासोबत पेशी दिलेल्या गटात दुखणं कमी झालं, तेही लिहा की. अर्धंच का सांगता?

सुई२२: दोघं पेशींवरून भांडताय, सुईचं काय? २००९ मध्ये कण्याचे शल्यविशारद कॅरॅगी यांनी डिस्कोग्राफी (तपासणीसाठी गादीत सुईनं डाय, म्हणजे रंगद्रव्य, सोडणं) झालेल्या गाद्या दहा वर्षांनी तपासल्याचा अभ्यास आला. बारीक सुई आणि बेताचा दाब असूनही ३५ टक्के गाद्यांची झीज वाढलेली, न टोचलेल्यांत १४ टक्के. नवे हर्निएशनही (गादीचा गाभा बाहेर सरकणं) सुई गेलेल्या बाजूलाच जास्त.

कणा५: डिस्कोग्राफीत डाय जातो, पेशी नाही. तुलना चुकते.

सुई२२: भोक तेच पडतं. आणि पेशींच्या चाचणीत तुलनेसाठी नुसतं सलाइन दिलेल्या गटालाही टोचलेलंच असतं, त्यामुळे टोचण्याचं नुकसान त्या तुलनेत दिसणारच नाही. न टोचलेला तिसरा गट हवा.

ऊतकवेडा: हे मात्र माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

सुई२२: गळतीही बघा. गादीत मावतं जेमतेम १-२ मिलि. गादीची बाहेरची कड चिरलेली असेल, किंवा घाईनं दाबून लगेच सुई काढली, तर द्रव त्याच वाटेनं मागे येतो. सशांमध्ये बाहेर आलेल्या पेशींमुळे हाडाचे काटे वाढलेले दिसलेत. बधिर करायला ब्युपिव्हकेन गादीतच सोडलं तर ते पेशींनाच मारक. गोठवलेली कुपी वितळल्यावर जिवंत पेशी मोजल्याशिवाय सिरिंज भरायची नाही.

कणा५: म्हणून उपचारच बंद करायचे?

सुई२२: असं कुठे म्हटलं? निवड नीट करा. उंची पार गेलेली पाचव्या ग्रेडची (एमआरआयवर झिजेची सगळ्यात वरची पायरी) गादी यासाठी नाही.

कणा५: बरं, पाचवी ग्रेड सोडली. तिसऱ्या ग्रेडच्या गादीत पेशी द्याव्यात, यावरून मात्र मी हटणार नाही.